वॉटर फ्लडनंतर खाली उरलेलं तेल मॉडेल कसं करायचं: अडकलेलं, रेंगाळलेलं आणि चुकलेलं

तेल पुढे ढकलायला खाली पाणी सोडलं (वॉटर फ्लड) आणि वर येणाऱ्या द्रवातला पाण्याचा वाटा, म्हणजे वॉटर कट, ९५ टक्क्यांवर गेला की कुणीतरी विचारतंच, खाली अजून तेल किती आहे? मग एकजण लॅबचा रिपोर्ट उघडतो, त्यात रेसिड्युअल ऑइल सॅच्युरेशन (खडकाच्या छिद्रांतल्या जागेपैकी न निघालेल्या तेलाचा वाटा) ३० टक्के लिहिलेलं असतं, आणि सगळे मान डोलावतात की चला, खाली ३० टक्के उरलंय. मीसुद्धा सुरुवातीची दोन-तीन वर्षं हेच करत होतो, कुणी टोकलं नाही म्हणून चालून गेलं. पण लॅबचे ते ३० टक्के म्हणजे बोटभर लांबीच्या कोअरमधून, म्हणजे खडकाच्या नमुन्यातून, भरपूर पाणी ढकलल्यावरही जे निघालं नाही ते. रिझर्व्हॉयरमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या खडकात, कित्येक ठिकाणी तेवढं पाणी कधी पोचलेलंच नसतं, आणि काही ठिकाणी तर थेंबसुद्धा नाही.

म्हणून मी उरलेल्या तेलाचे आधी तीन ढीग करतो, नावं माझीच आहेत. अडकलेलं: पाणी पोचलं, भरपूर पोचलं, पण छिद्रांमध्ये कॅपिलरी ताकदीने थेंब धरून ठेवलेत. रेंगाळलेलं: पाणी पोचलंय, तेल अजून हलतंय, पण इतकं सावकाश की त्याच्यासोबत वीसपट पाणी येतं. चुकलेलं: पाणी दुसऱ्याच वाटेने गेलं, इकडे फिरकलंच नाही. तिघांवरचा इलाज पूर्ण वेगळा आहे. चुकलेल्याला नवी वेल (विहीर) किंवा पर्फोरेशन (वेलच्या नळीला त्या थरात पाडलेली भोकं) लागतं, रेंगाळलेल्याला जास्त पाणी किंवा पाणी जाड करणारं पॉलिमर, आणि अडकलेल्याला सर्फॅक्टंट (साबणासारखं रसायन) किंवा मिसिबल, म्हणजे तेलात मिसळून जाणाऱ्या, गॅससारखं काहीतरी जे कॅपिलरी ताकदच मोडेल. मॉडेलने एकूण उरलेलं तेल बरोबर सांगितलं पण ढीग चुकीचे पाडले तर मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. खालच्या सगळ्या पायऱ्या हे ढीग नीट पाडण्यासाठीच आहेत.

पायरी १: लॅबच्या आकड्यावर आधी संशय घ्या

सिम्युलेटर उघडायची घाई करू नका. कोअर फ्लडचे रिपोर्ट काढा आणि प्रत्येक सॅम्पलसाठी चार गोष्टी शोधा: कोअर धुऊन काढलेला होता का, धुतल्यावर क्रूडमध्ये एजिंग केलं का, किती पोअर व्हॉल्युम पाणी ढकललं (एक पोअर व्हॉल्युम म्हणजे सगळ्या छिद्रांच्या जागेइतकं), आणि कुठल्या रेटने.

एजिंगचा मुद्दा सगळ्यात मोठा. कोअर सॉल्व्हंटने स्वच्छ धुतला की खडक बहुतेक वेळा वॉटर वेट, म्हणजे भिंतींना पाणी धरणारा, होऊन बसतो, मग रिझर्व्हॉयरमध्ये तो मूळचा कसाही असो. त्याला परत मूळ स्वभावावर आणायचं तर क्रूड भरून रिझर्व्हॉयरच्या तापमानाला काही आठवडे ठेवावं लागतं. हे केलेलं नसेल तर तो रिपोर्ट तुमच्या रिझर्व्हॉयरचा नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी खडकाचा समजा. वॉटर वेट खडकात पाणी छिद्रांच्या भिंतींवरून सरकतं आणि मधल्या अरुंद गळ्यात तेलाचा धागा तोडतं, त्याला स्नॅप ऑफ म्हणतात, तुटलेला थेंब मोठ्या छिद्रात एकटा पडतो आणि गेला कामातून. मिक्स्ड वेट (काही भिंतींना पाणी, काहींना तेल धरणाऱ्या) खडकात मोठ्या छिद्रांच्या भिंतींवर तेलाची पातळ फिल्म सलग राहते आणि त्या फिल्ममधून तेल हळूहळू, अगदी कंटाळा येईल इतकं हळू, निथळत राहतं. १९७३ मध्ये सलाथिएलने हे दाखवलं होतं, खूप पोअर व्हॉल्युम पाणी गेल्यावर मिक्स्ड वेट कोअरमधलं तेल अगदी कमी होत जातं. म्हणजे त्याच खडकाला एका माणसाने दोन पोअर व्हॉल्युमवर थांबून ३५ टक्के लिहिलं आणि दुसऱ्याने वीसवर थांबून १८ लिहिलं तर दोघं खोटं बोलत नाहीयेत, पण पहिल्याच्या ३५ मधलं निम्मं रेंगाळलेलं आहे, अडकलेलं नाही.

दुसरी खोड म्हणजे कॅपिलरी एंड इफेक्ट. खडकाची ओढ तेलाकडे असेल, म्हणजे मिक्स्ड किंवा ऑइल वेट असेल, तर कोअरच्या बाहेरच्या टोकाला तेल साचून राहतं, आणि रेट कमी असेल, कोअर आखूड असेल तर सरासरी सॅच्युरेशन फुगतं. बंप फ्लड, म्हणजे शेवटी रेट वाढवून बघणं, केलं असेल आणि तेल आणखी निघालं असेल तर ही शंका घ्यायलाच पाहिजे. सगळ्यात चांगलं म्हणजे फ्लड चालू असताना एक्स-रेने लांबीभर सॅच्युरेशन मोजलेलं असणं आणि तोच प्रयोग कोअर स्केलच्या सिम्युलेशनमध्ये कॅपिलरी प्रेशर धरून परत मॅच करणं. कोअर फ्लडवरून रेल पर्म (तेल आणि पाणी एकत्र असताना खडक प्रत्येकाला किती सहज वाहू देतो) काढायची १९५९ ची जेबीएन पद्धत, जी अजून अर्ध्या रिपोर्टांत सापडते, ती कॅपिलरी प्रेशर शून्य धरते, हे लक्षात असू द्या.

वेटेबिलिटी (खडकाची ओढ पाण्याकडे की तेलाकडे) तपासायला ॲमॉट टेस्ट असेल तर उत्तम. नसेल तर रेल पर्मच्या कर्व्हवरून ढोबळ अंदाज येतो: दोन्ही कर्व्ह एकमेकांना ५० टक्क्यांच्या पुढच्या वॉटर सॅच्युरेशनला छेदत असतील आणि शेवटची पाण्याची रेल पर्म ०.३ च्या खाली असेल तर वॉटर वेटकडे झुकतंय. ठोकताळाच आहे, त्यावर घर बांधू नका.

पायरी २: कागदावर बकली-लेव्हरेट करा, अर्धा तास लागतो

हे कुणी करत नाही आणि मला कायम वाटतं की इथेच सगळं घोडं अडतं. पाणी तेलाला ढकलत कसं पुढे जातं याचा बकली आणि लेव्हरेटचा १९४२ चा सिद्धांत आणि त्यावर वेल्जची १९५२ ची सरासरी काढायची रीत, एवढ्यावर एका स्प्रेडशीटमध्ये कळतं की पाणी जिथे पोचलंय तिथे आज तेल किती असेल.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. सुरुवातीचं वॉटर सॅच्युरेशन ०.२०, रेसिड्युअल तेल ०.३०, म्हणजे हलू शकणारी रेंज ०.५०. कोरी टाइपचे रेल पर्म कर्व्ह, दोन्हीकडे घातांक २, टोकाची पाण्याची रेल पर्म ०.३, तेलाची ०.८. तेलाची व्हिस्कॉसिटी ५ सेंटिपॉइज, पाण्याची ०.५. टोकाचा मोबिलिटी रेशो (पाणी तेलाच्या मानाने किती सहज वाहतं) येतो ०.६ भागिले ०.१६, म्हणजे ३.७५, फारसा चांगला नाही पण भयंकरही नाही.

सुरुवातीच्या बिंदूपासून फ्रॅक्शनल फ्लो कर्व्हला (कुठल्या सॅच्युरेशनला वॉटर कट किती, तो कर्व्ह) स्पर्शरेषा काढली की फ्रंटवर, म्हणजे पाण्याच्या आघाडीवर, वॉटर सॅच्युरेशन ०.४३ येतं आणि तिथला वॉटर कट ७३ टक्के. म्हणजे ब्रेकथ्रू झाला, पाणी वेलपर्यंत पोचलं, की थेट ७३, मधलं काही नाही. तोपर्यंत ०.३१ पोअर व्हॉल्युम पाणी गेलेलं असतं, आणि फ्रंटमागचं सरासरी तेल ०.४९. आता पुढे जा. वॉटर कट ९५ होईपर्यंत १.१२ पोअर व्हॉल्युम पाणी लागतं, सरासरी तेल उरतं ०.४०. वॉटर कट ९८ पर्यंत ढकललं तर २.१७ पोअर व्हॉल्युम, आणि तेल ०.३७.

परत वाचा. एकच थर, सगळीकडे सारखी पर्मिएबिलिटी (खडकाची द्रव वाहू देण्याची क्षमता), एकही फॉल्ट नाही, पाणी शंभर टक्के भागात पोचलंय, आणि तरीही ९५ टक्के वॉटर कटला उरलेलं तेल ०.४० आहे, ०.३० नाही. तो ०.१० चा फरक म्हणजे रेंगाळलेलं तेल. तेल जितकं जाड तितका हा फरक मोठा होतो. तेलाचा घातांक २ च्या जागी ४ घालून बघा, मिक्स्ड वेट खडकात तसा येतो, फरक अजून वाढलेला दिसेल. हे स्वतः एकदा केलं की लॅबचा आकडा सरळ नकाशावर चिकटवायची सवय आपोआप सुटते.

पायरी ३: हिशोब, म्हणजे मटेरियल बॅलन्स

आता एकूण किती तेल उरलंय ते काढायचं आणि त्याचे ढीग पाडायचे. परत आकडे घेऊया. पोअर व्हॉल्युम ४ कोटी घनमीटर, सुरुवातीचं तेल ०.८०, तेलाचा फॉर्मेशन व्हॉल्युम फॅक्टर (वरचं एक घनमीटर तेल खाली किती जागा घेतं) १.२५. पृष्ठभागावरच्या मापाने मूळ तेल झालं २ कोटी ५६ लाख घनमीटर. आजवर काढलंय ९० लाख. प्रेशर टिकवून ठेवलेलं आहे, बबल पॉइंटच्या वर आहे, म्हणजे गॅस सुटलेला नाही आणि फॅक्टर साधारण तोच. उरलं १ कोटी ६६ लाख, रिझर्व्हॉयरच्या मापाने २ कोटी ७.५ लाख घनमीटर. पोअर व्हॉल्युमने भागलं की सरासरी तेल सॅच्युरेशन ०.५२.

मागच्या पायरीवरून आणि वॉटर कट बघून समजा ठरवलं की जिथे पाणी पोचलंय तिथे सरासरी ०.३८ आहे, आणि जिथे नाही तिथे मूळचं ०.८०. मग पाणी पोचलेला भाग ६७ टक्के निघतो. न पोचलेल्या ३३ टक्क्यांत, रिझर्व्हॉयरच्या मापाने, चुकलेलं तेल १ कोटी ६ लाख, पोचलेल्या भागात अडकलेलं सुमारे ८० लाख आणि रेंगाळलेलं साधारण २१ लाख घनमीटर. बघा, निम्म्याहून थोडं जास्त तेल चुकलेलं आहे, त्याला कुठलंही केमिकल नको, तिथवर पोचायला हवं.

पण लगेच खुश होऊ नका. त्या ०.३८ च्या जागी ०.३३ घाला. पोचलेला भाग ६० टक्क्यांवर येतो आणि चुकलेलं तेल १ कोटी २९ लाख होतं. सॅच्युरेशनमधल्या फक्त पाच अंकांनी २३ लाख घनमीटर इकडचं तिकडे. म्हणून पाणी पोचलेल्या भागातलं सॅच्युरेशन प्रत्यक्ष मोजणं इतकं महत्त्वाचं आहे, नंतरचं सगळं मॉडेलिंग याच आकड्यावर झुलत असतं.

आणि पोअर व्हॉल्युम स्वतःच चुकला असेल तर काहीच जुळणार नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. नेट-टू-ग्रॉसचा (एकूण जाडीतला कामाच्या खडकाचा वाटा) कट ऑफ कुणी, कधी, कशावरून लावला ते शोधून काढा. शिवाय इंजेक्ट केलेलं पाणी आणि काढलेले सगळे फ्लुइड रिझर्व्हॉयर मापात एकमेकांसमोर मांडा. इंजेक्शन दीडपट आहे आणि प्रेशर हलत नाहीये, तर पाणी दुसऱ्या झोनमध्ये, ॲक्विफरमध्ये (लगतच्या पाण्याच्या खडकात) किंवा फुटक्या केसिंगमधून (वेलच्या नळीतून) बाहेर चाललंय.

पायरी ४: प्रत्यक्ष मोजमाप

कुठल्याही एका मोजमापावर विसंबू नका, प्रत्येकाची खोड वेगळी आहे आणि ती माहीत असली की काम होतं.

ओपन होलमधला (केसिंग बसवण्याआधीचा) रेझिस्टिव्हिटी लॉग, म्हणजे खडकाचा विजेला होणारा विरोध मोजणं, आणि त्यावरून पाण्याचं सॅच्युरेशन काढणारं आर्चीचं समीकरण, हे सगळ्यात स्वस्त. पण वॉटर फ्लडनंतर त्या जागी पाणी कुठलं आहे? मूळचं खारट, इंजेक्ट केलेलं कमी खारट, की दोघांचं मिश्रण? क्षारता चुकीची धरली तर सॅच्युरेशन साफ बोंबलतं. गोडं पाणी सोडलेल्या जागी खारट पाणी धरून हिशोब केला की लॉग तुम्हाला भरपूर तेल दाखवतो, आणि तिथे असतं नुसतं पाणी. केसिंगमागे पल्स्ड न्यूट्रॉन लॉग चालतो, पण त्यालाही पाणी खारट लागतं, गोडं असेल तर कार्बन-ऑक्सिजन लॉगकडे जावं लागतं, तो क्षारतेवर अवलंबून नाही पण पोरॉसिटी (खडकातल्या छिद्रांचा वाटा) कमी असेल तर फार थरथरतो.

माझी आवडती टेस्ट म्हणजे सिंगल वेल केमिकल ट्रेसर. एकाच वेलमध्ये इथाइल ॲसिटेटसारखं एस्टर पाण्यात मिसळून सोडायचं, वेल काही दिवस बंद ठेवायची. एस्टरचा थोडा भाग पाण्याशी रिॲक्ट होऊन इथेनॉल होतो. मग वेल परत चालू करायची. इथेनॉलला तेल फारसं आवडत नाही, ते पाण्याबरोबर पळत येतं, उरलेलं एस्टर मात्र वाटेतल्या अडकलेल्या तेलात शिरत-निघत रेंगाळत येतं. दोघांच्या येण्यातल्या फरकावरून तेल सॅच्युरेशन निघतं. एस्टर तेलात पाण्याच्या चौपट विरघळत असेल आणि तेल ०.२५ असेल, तर चार गुणिले ०.२५ भागिले ०.७५, म्हणजे १.३३, आणि एस्टरचा वेग पाण्याच्या वेगाच्या १ भागिले २.३३, साधारण ४३ टक्के. इतका फरक सॅम्पलमध्ये स्पष्ट दिसतो. लॉग वेलच्या भिंतीपाशी बघतो, ही टेस्ट काही मीटर आतपर्यंतच्या खडकाची सरासरी देते. अट एकच, वेलभोवती पाण्याचा फ्लड पुरता झालेला पाहिजे आणि तेल हलत नसलं पाहिजे, नाहीतर आकड्यात रेंगाळलेलं तेलही मिसळतं.

कोअर काढून सॅच्युरेशन मोजायचं तर साधा कोअर वर येताना प्रेशर घटतं, गॅस सुटतो आणि तेलाला ढकलून बाहेर काढतो. स्पंज कोअरमध्ये ते बाहेर आलेलं तेल बाजूच्या स्पंजमध्ये टिपलं जातं, म्हणून तो बरा. प्रेशर कोअर आणखी बरा आणि बराच महाग.

पायरी ५: ग्रिड

ग्रिड म्हणजे मॉडेलमध्ये रिझर्व्हॉयरचे पाडलेले ठोकळे, म्हणजे सेल. तेल कुठे चुकलंय हे ग्रिडला दिसलंच नाही तर ते मॉडेलमध्ये नसणारच. दोन वेलच्या मध्ये निदान पाच-दहा सेल हवेत, त्याहून कमी असतील तर फ्रंट इतका पसरतो की पाणी खऱ्यापेक्षा लवकर येतं, मग माणसं रेल पर्मला दोष देऊन तिचे कर्व्ह वाकवत बसतात आणि मुळात चूक न्यूमेरिकल डिस्पर्शनची, म्हणजे मोठ्या सेलमुळे फ्रंट पसरण्याची, असते. तपासायला सोपं आहे: पायरी २ मधलंच एक मितीचं उदाहरण तुमच्या सेल साइजने चालवा आणि कागदावरच्या उत्तराशेजारी ठेवा.

उभ्या दिशेत आणखी कंजूषपणा नको. एक साधा हिशोब: सारख्या जाडीचे, सारख्या पोरॉसिटीचे दोन थर, एक १००० मिलिडार्सी (पर्मिएबिलिटीचं एकक), दुसरा ५०. पाण्याची वाटणी २० ला १. पहिल्या थरातून १.१२ पोअर व्हॉल्युम जाऊन त्याचा वॉटर कट ९५ झाला तेव्हा दुसऱ्यात गेलंय जेमतेम ०.०६, आणि आपण बघितलं की ब्रेकथ्रूलाच ०.३१ लागतं. प्रत्यक्षात ह्याहून वाईट, कारण पाणी भरत गेलं की पहिला थर आणखी सहज वाहू लागतो. आता हे दोन थर अपस्केल करून एका सेलमध्ये ५२५ मिलिडार्सीचे केले की काय होईल? दुसऱ्या थरातलं चुकलेलं तेल गायब. सेलमध्ये सॅच्युरेशन मधलंच काहीतरी दाखवेल आणि तुम्ही त्याला रेंगाळलेलं समजाल. थर किती विषम आहेत त्याचा एक आकडा म्हणून १९५० चा डिक्स्ट्रा-पार्सन्स कोइफिशंट काढून ठेवा, ०.७ च्या वर असेल तर थर एकत्र करताना दहादा विचार करा.

पाणी तेलापेक्षा जड, म्हणून जाड थरात ते तळातून पुढे सरकतं आणि वरच्या भागात तेल राहतं. सगळ्यात वरच्या पर्फोरेशनच्या वर, फॉल्टला टेकलेल्या उंचवट्यात, जे तेल उरतं त्याला ॲटिक ऑइल म्हणतात. माथ्याजवळचे थर मीटर-दोन मीटरचे ठेवले नाहीत तर ते दिसत नाही. पातळ शेल (चिकणमातीचा खडक) जी पाणी वर-खाली जाऊ देत नाही तिला सेलची जाडी न देता ट्रान्समिसिबिलिटी मल्टिप्लायरने (दोन सेलमधला प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या गुणकाने) दाखवलं तरी चालतं, पण दाखवा. अपस्केलिंगमध्ये सगळ्यात आधी तीच पुसली जाते.

शिकायचं असेल तर पेट्रोलियम इंजिनिअर्सच्या सोसायटीच्या एसपीई १० या तुलना-चाचणीचं दुसरं मॉडेल घ्या, २००१ चं, ६० गुणिले २२० गुणिले ८५, म्हणजे ११ लाख २२ हजार सेल, मुद्दाम अपस्केलिंगची परीक्षा घ्यायला केलेलं. खऱ्या फील्डचा डेटा हवा तर नॉर्वेजियन समुद्रातल्या नॉर्न फील्डचं मॉडेल खुलं आहे. ओपीएम फ्लो नावाचा सिम्युलेटर फुकट आहे आणि त्यावर हे चालतं.

पायरी ६: अडकलेल्या तेलाचा आकडा सगळीकडे एक ठेवू नका

ऑइल-वॉटर कॉन्टॅक्टच्या (खालच्या पाण्याशी तेलाची सीमा) वर ट्रान्झिशन झोन असतो, तिथे सुरुवातीलाच तेल कमी असतं. जिथे सुरुवातीला तेल कमी तिथे अडकतंही कमी. लँडचं १९६८ चं सूत्र ह्यासाठीच वापरतात, मुळात गॅससाठी होतं पण तेलालाही लावतात: अडकलेलं तेल म्हणजे सुरुवातीचं तेल भागिले (एक अधिक सी गुणिले सुरुवातीचं तेल), सी हा खडकाचा स्थिरांक. आपल्या उदाहरणात ०.८० ला ०.३० अडकतं, म्हणून सी येतो २.०८. सुरुवातीचं तेल ०.५० असलेल्या सेलमध्ये मग अडकतं ०.२४५. तुम्ही तिथेही ०.३० ठोकलं असेल तर प्रत्येक सेलमागे साडेपाच टक्के हलणारं तेल मॉडेलने कागदावरच गोठवून टाकलं. ट्रान्झिशन झोन जाड असेल तर ही रक्कम लहान नाही. मिक्स्ड वेट खडकात मात्र हे नातं इतकं सरळ राहत नाही, तिथे लॅबमध्ये वेगवेगळ्या सुरुवातीच्या सॅच्युरेशनवरून फ्लड करून बघावंच लागतं.

सिम्युलेटरमध्ये एंड पॉइंट स्केलिंग (सेलनुसार रेल पर्म कर्व्हची टोकं हलवणं) चालू करा आणि प्रत्येक सेलला सुरुवातीच्या सॅच्युरेशननुसार क्रिटिकल ऑइल सॅच्युरेशन द्या. रॉक टाइपनुसार वेगळे रेल पर्म रीजन करा, पण चार-पाचच. मी एका मॉडेलमध्ये सतरा पाहिलेत आणि त्यातल्या बाराला कोअरचा एकही पॉइंट नव्हता. पाणी आणि तेल एकाच जागी मागे-पुढे होत असतील, म्हणजे इंजेक्टर (पाणी सोडणारी वेल) बंद-चालू, प्रोड्युसरचा (तेल काढणाऱ्या वेलचा) इंजेक्टर केला वगैरे, तर हिस्टेरिसिस (दिशा उलटली की रेल पर्म बदलणं) लावा, किलो (Killough) या संशोधकाचं १९७६ चं मॉडेल बहुतेक सिम्युलेटरमध्ये असतं.

रेट वाढवून अडकलेलं तेल सुटेल का, हा प्रश्न दरवेळी येतो. कॅपिलरी नंबर काढा: वेग गुणिले व्हिस्कॉसिटी भागिले इंटरफेशियल टेन्शन (तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण). दिवसाला ०.३ मीटर, ०.५ सेंटिपॉइज, मीटरला ३० मिलिन्यूटन, उत्तर येतं साधारण १० चा उणे सातवा घात, खरं तर त्याच्याही थोडं खाली. वॉटर वेट सँडस्टोनमध्ये अडकलेलं तेल हलायला लागायला तो उणे पाच-उणे चारच्या आसपास लागतो. रेट शंभर-हजारपट कोण वाढवणार? म्हणून टेन्शन पाडायचं, म्हणजे सर्फॅक्टंट.

पायरी ७: हिस्टरी मॅच, आणि इथे हात आवरा

हिस्टरी मॅच म्हणजे मॉडेल आजवरच्या खऱ्या आकड्यांशी जुळवणं. त्यात वेलला ऑइल रेटवर कंट्रोल करू नका. तसं केलं की तेल आपोआप जुळतं आणि आपण पाठ थोपटून घेतो. एकूण लिक्विड रेट किंवा रिझर्व्हॉयर व्हॉल्युमवर ठेवा, मग तेल-पाण्याची वाटणी मॉडेलला स्वतःला करू दे. आधी प्रेशर जुळवा, त्यासाठी ॲक्विफर, पोअर व्हॉल्युम, फॉल्ट. मग पाणी कुठून येतं ते: थीफ झोन (पाणी पळवणारा थर), चॅनल, फॉल्टचा ट्रान्समिसिबिलिटी मल्टिप्लायर, उभी पर्मिएबिलिटी. त्यानंतरच रेल पर्मचे घातांक, तेही लॅबच्या रेंजमध्ये. रेसिड्युअल तेल सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

हे मी ठेच लागून शिकलोय. एका मॉडेलमध्ये तीन वेलना पाणी खूप लवकर येत होतं, मॉडेलला ते जमेना. मी त्या भागाचं रेसिड्युअल ०.३० वरून ०.४४ केलं, हलणारं तेल कमी झालं, पाणी लवकर आलं, कर्व्ह सुरेख बसले, सगळे खुश. पुढे त्याच भागात एक वेल दुसऱ्याच कारणासाठी खोल गेली आणि लॉगवर दोन मीटरची पट्टी धुऊन निघालेली, तिच्या वर-खाली जवळजवळ मूळचं तेल. म्हणजे पाणी त्या पट्टीतून सरळ पळत होतं. चुकलेलं तेल मी माझ्या हाताने अडकलेल्यात टाकलं होतं, आणि त्या मॉडेलवरून तो भाग संपला म्हणून यादीतून काढलेला होता. कर्व्ह दोन्ही प्रकारे जुळतात, हीच तर खरी गंमत आहे. वॉटर कट हा पूर्ण वेलचा एकच आकडा आहे, पाणी कुठल्या थरातून आलं ते तो सांगत नाही. म्हणून प्रॉडक्शन लॉग, केसिंगमागचे सॅच्युरेशन लॉग, ट्रेसर कुठल्या इंजेक्टरपासून कुठल्या प्रोड्युसरला किती दिवसांत पोचला, असेल तर ४डी सेस्मिक (काही काळाने परत केलेला ध्वनिलहरींचा सर्व्हे), हे सगळं मॅचमध्ये ओढा.

आणि वेल टेस्टचे आकडे स्वच्छ आहेत असं गृहीत धरू नका. कित्येकदा महिन्यातून एकदा टेस्ट होते आणि मधले दिवस वाटून दिलेले असतात. वेलवार पाण्याचे आकडे तर त्याहून सैल, कारण पाणी विकायचं नसतं.

एकच मॅच केलेलं मॉडेल घेऊन पुढे जाऊ नका. पन्नास-शंभर मॉडेल्स ठेवा, ज्यांत चॅनलच्या जागा, थीफ झोनची जाडी, फॉल्टची गळती, रेल पर्म वेगवेगळे आहेत, आणि जी इतिहासाशी जुळतात ती सगळी पुढे न्या. एन्सेम्बल स्मूदरसारख्या पद्धती हे काम बऱ्यापैकी आपोआप करतात, पण सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये खरी शक्यता नसेल तर नंतर ती कुठून येणार.

पायरी ८: तीन नकाशे

सॅच्युरेशनचा एक रंगीत नकाशा बघून वेलच्या जागा ठरवणं बंद करा. लाल भाग म्हणजे तेल, पण कुठलं? प्रत्येक सेलसाठी पोरॉसिटी, नेट-टू-ग्रॉस आणि जाडी गुणून तीन वेगळे आकडे काढा. पाण्याचं सॅच्युरेशन सुरुवातीपेक्षा जेमतेम हललेलं असेल, समजा दोन-तीन टक्क्यांच्या आत, तर त्या सेलचं हलू शकणारं तेल चुकलेल्यात. हललं असेल तर रेसिड्युअलच्या वरचं तेल रेंगाळलेल्यात. रेसिड्युअलइतकं तेल दोन्हीकडे अडकलेल्यात, पण पायरी ३ मध्ये आपण न पोचलेल्या भागातलं सगळंच तेल चुकलेलं धरलं होतं, म्हणून तुलना करताना एकच व्याख्या दोन्हीकडे वापरा. ह्या बारीक गोष्टीवरून मी दोन टीम्सना आठवडाभर भांडताना पाहिलंय.

तिन्हींची बेरीज पायरी ३ च्या मटेरियल बॅलन्सशी जुळते का ते बघा. मग चुकलेल्या तेलाच्या नकाशावर प्रत्येक गठ्ठ्याला कारण लिहा, हाताने, पेनने चालेल: फॉल्टमागे, माथ्याला, कमी पर्मिएबिलिटीच्या थरात, इंजेक्टरच्या पॅटर्नबाहेर, पर्फोरेशनच नाही. कारण सुचत नसेल तर तो गठ्ठा बहुधा मॉडेलची चूक आहे, तिकडे परत जा. सगळ्या मॉडेल्समध्ये एखाद्या जागी तेल किती वेळा दिसतं ते मोजा, शंभरातल्या ऐंशी मॉडेल्समध्ये दिसणारा छोटा गठ्ठा हा वीसमध्ये दिसणाऱ्या मोठ्यापेक्षा मी कधीही आधी घेईन. आणि गठ्ठा खरा असला तरी सलग आणि जाड आहे का बघा, एकेका सेलचे ठिपके विखुरलेले असतील तर तिथे वेल खणून हाती फारसं लागत नाही.

पायरी ९: वेल खणायच्या आधी भाकीत लिहून ठेवा

नवी वेल ठरली की प्रत्येक मॉडेलमधून त्या जागेचं थरवार तेल सॅच्युरेशन, थरवार प्रेशर आणि पहिल्या महिन्याचा वॉटर कट काढा, तारीख टाकून फाइल बंद करा, नंतर कुणी हात लावायचा नाही. लॉग आले की शेजारी ठेवून बघा. सॅच्युरेशन चुकलं पण प्रेशर बरोबर आलं तर थरांमधली पाण्याची वाटणी तपासा, म्हणजे पायरी ५. थर बरोबर निघाले पण धुतलेल्या थरातलं तेल सगळीकडे एकाच बाजूला चुकतंय, तर रेल पर्म आणि रेसिड्युअल, पायरी १ आणि ६. प्रेशरच वेगळं निघालं तर मधे एक फॉल्ट आहे जो तुमच्या नकाशावर नाही, आणि मग त्याच्या पलीकडचे सगळे गठ्ठे नव्याने मोजायला लागतात. ह्या नव्या लॉगशी न जुळणारी मॉडेल्स गाळून टाका, उरलेल्यांवर पुढची वेल ठरवा. शंभरातली एकदम नव्वद गळाली तर मात्र दहा घेऊन पुढे पळू नका, थर आणि फॉल्टपासून नवीन संच बनवायला बसा.